‘माझ्याने ते होणार नाही’ या वाक्याचं काय करायचं?

पत्रातला प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, सोळा वर्षं हिशेब तपासणीच्या कामात. नव्याने रुजू होणाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी दोनदा समोर आली, दोन्ही वेळा नकार दिला. कारणं तीन: ‘मी बोलणारा माणूस नाही’, ‘आता शिकायचं वय गेलं’ आणि ‘आमच्या घरात कुणी असलं काही केलेलं नाही’. मानसिकता बदलण्यावर बरंच वाचून झालं. तीन महिने रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मी आत्मविश्वासाने बोलू शकतो’ असं म्हणून झालं. फरक शून्य. आता विचारायचं आहे ते हे, की मानसिकता नेमकी बदलायची कशी, आणि माझ्यातच काही कमी आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण मला वाटतं तोच तुम्हाला जास्त सलतो आहे. नाही, तुमच्यात काही कमी नाही. तीन महिने एक दिवस न चुकवता एखादी गोष्ट करणं सोपं नसतं. चिकाटी भरपूर आहे, फक्त ती जिथे फळ देत नाही तिथे खर्च झाली. बावीस वर्षं मी समुपदेशनाचं काम करते आहे. ‘आधी मन बदलेल, मग पाऊल उचलेन’ असं म्हणत थांबलेली माणसं मी फार पाहिली, आणि त्यातली बरीच तशीच थांबून राहिलेलीही पाहिली. बहुतेकांच्या बाबतीत पाऊल आधी पडतं. मन मागून येतं, तेही रेंगाळत.

नऊ ठिपक्यांचं कोडं तुमच्या वाचनात आलंच असेल. तीन ओळी, प्रत्येकीत तीन ठिपके, हात न उचलता चार सरळ रेषांनी सगळे जोडायचे. ठिपक्यांच्या चौकोनातच राहायचं असं कुणी सांगितलेलं नसतं, तरी माणसं आतल्या आत फिरत राहतात. रेष बाहेर नेली की कोडं सुटतं. व्याख्यानांत गोष्ट इथेच संपते आणि ‘पाहा, तो चौकोन तुमच्या डोक्यात होता’ म्हणून टाळ्या पडतात. पण १९८१ मध्ये रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ अल्बा या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सरळ सांगूनच टाकलं की आतले मार्ग संपलेत, रेष चौकोनाबाहेर न्यावी लागेल. तरीही बहुतेकांना कोडं सुटलं नाही! बाहेर जायची मोकळीक मिळाली, पण बाहेर गेल्यावर वळायचं कुठे हे हाताला ठाऊक नव्हतं. तशाच प्रकारच्या सोप्या कोड्यांचा आधी सराव दिला, तेव्हा मात्र उपयोग झाला. तुम्ही तीन महिने आरशासमोर स्वतःला मोकळीक देत होतात. वळायचं कुठे हे आरशाला कसं माहीत असणार?

हे कुंपण उभं कसं राहतं ते थोडं समजून घेऊ, कारण ते पाडण्याची रीत त्यातच आहे. १९६७ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर काही प्रयोग केले. वाचताना आजही अंगावर काटा येतो. काही कुत्र्यांना विजेचे धक्के बसत आणि ते थांबवणं त्यांच्या हाती नसे. पुढे त्यांना अशा पेटीत ठेवलं, की मधला बुटका अडसर ओलांडला की धक्का थांबे. इतर कुत्री पटकन उडी मारायला शिकली. ही मात्र बहुतेक जागेवरच बसून राहिली. याला पुढे ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं आणि प्रत्येक प्रेरणादायी भाषणात ते शिरलं. पण त्या कुत्र्यांना त्यातून बाहेर कसं काढलं, हे भाषणांत येत नाही. चुचकारून झालं, खाऊ दाखवून झालं, काही उपयोग झाला नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना अडसराच्या पलीकडे ओढत न्यावं लागलं, एकदा नव्हे, अनेकदा. मग ती आपण होऊन उडी मारू लागली. अडसराच्या पलीकडे धक्का नाही हे पायांना कळेपर्यंत डोक्याला कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. त्याच दोघांनी जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, स्वतःचाच सिद्धान्त उलटवला. मधल्या काळात मेंदूवर जे संशोधन झालं त्यावरून त्यांनी मान्य केलं, की लांबलेल्या त्रासापुढे निपचित पडून राहणं ही शिकलेली गोष्ट नाहीच, ती प्राण्याची मूळची प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते उलट, की ‘माझ्या करण्याने इथे काही फरक पडतो’. हे वाचलं तेव्हा माझ्या कामाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. तोवर मी लोकांच्या मनातलं काहीतरी चुकीचं पुसायला बसत होते. आता मी एक नवीन गोष्ट शिकवायला बसते. तुमच्या मनातली असहायता खरवडून काढायची नाही. तिच्या शेजारी एक दुसरा अनुभव उभा करायचा आहे.

आता तुमचे दोन नकार आठवा. पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा पोटात गोळा आला असेल. ‘मला जमणार नाही’ म्हणालात आणि गोळा विरघळला. तो जो सुटकेचा श्वास होता, तेच खरं बक्षीस. मन ते लक्षात ठेवतं: नकार दिला की बरं वाटतं. म्हणून दुसऱ्यांदा नकार आणखी लवकर आला असेल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि फुंकून प्यायल्यामुळेच, ताक मुळात गारच होतं हे त्याला कधीच कळत नाही. टाळलेल्या गोष्टीबद्दलची भीती खरी ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. ती तपासलीच जात नाही, आणि न तपासलेलं वाक्य वर्षानुवर्षं टिकतं.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक प्रश्न नेहमी विचारते: ही मर्यादा तुम्ही शेवटची कधी तपासलीत? बहुतेक जण गप्प होतात. आठवत आठवत शाळेपर्यंत जातात. कुणाला पाचवी-सहावीत वर्गासमोर उभं केलेलं असतं, शब्द फुटलेला नसतो, मुलं हसलेली असतात. अकरा वर्षांच्या मुलाने केलेली नोंद चाळिशीतला माणूस अजून खरी धरून चाललेला असतो. तुमच्या पत्रात असा प्रसंग नाही, कदाचित नसेलही. पण तारीख शोधून पाहा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सगळ्या मर्यादा मनातल्या नसतात. पैसा, वेळ, आजारपण, घरातलं आजारी माणूस, समाज एखाद्याला दारातच अडवतो ती वागणूक, हे सगळं खरं असतं. ‘मर्यादा फक्त तुमच्या डोक्यात आहेत’ असं अशा माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या पाठीवरच्या ओझ्यात आणखी एक दगड टाकणं. एक बाई ‘माझी भीती घालवा’ म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. तीन भेटींनंतर लक्षात आलं की भीती नव्हतीच. संध्याकाळी आईजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं आणि त्यांना हवं असलेलं काम नेमकं संध्याकाळचं होतं. आम्ही संध्याकाळच्या दोन तासांचा प्रश्न सोडवला, ‘भीती’ आपोआप मिटली. म्हणून आधी वाक्यं वेगळी करावी लागतात. काही वाक्यं वस्तुस्थिती सांगतात, काही अंदाज असतात, आणि काही अंदाजाच्या वेषात आलेले हुकूम असतात.

तुमची तीन वाक्यं या चाळणीतून घालू. ‘आमच्या घरात कुणी असलं केलेलं नाही’ ही वस्तुस्थिती आहे. खरी आहे, पण तिच्यातून पुढे काहीच निघत नाही. कुणी केलं नाही म्हणजे घरात विचारायला कुणी नाही, एवढाच तिचा अर्थ. त्यावर उपाय म्हणजे विचारायला बाहेरचा माणूस शोधणं.

‘वय गेलं’ हा अंदाज आहे, आणि तो तपासता येतो. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायचा तर शहराच्या मध्यभागातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तयारीला साधारण तीन-चार वर्षं जातात, आणि ती करणारी माणसं प्रौढ असतात. कॅथरीन वूलेट आणि एलिनॉर मॅग्वायर यांनी अशा ७९ उमेदवारांच्या मेंदूंची छायाचित्रं तयारीच्या सुरुवातीला घेतली, आणि त्यातले जे परत आले त्यांची शेवटी पुन्हा घेतली; तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३९ जणांना परवाना मिळाला. या ३९ जणांच्या मेंदूत स्मरणाशी आणि दिशाज्ञानाशी संबंधित असलेल्या भागात वाढ दिसली. परवाना न मिळता परत तपासणीला आलेल्यांत ती दिसली नाही. आकडा नीट पाहा. जवळजवळ निम्मे परवान्यापर्यंत पोहोचले नाहीत. प्रौढ वयात मेंदू बदलतो हे खरं, पण घासल्यावर बदलतो, आणि घासूनही प्रत्येकाला यश मिळतंच असं नाही. एवढं प्रामाणिकपणे सांगूनही माझं मत हेच आहे, की ४१ हे शिकवायला शिकण्याचं वय नाही असं म्हणायला कुठलाच आधार नाही. उलट शिकवायला जो मालमसाला लागतो तो पंचविशीत कुणाजवळ असतो?

उरलं तिसरं, ‘मी बोलणारा माणूस नाही’. हे निरीक्षणासारखं दिसतं, पण काम हुकमाचं करतं. सगळी गोम त्यातल्या ‘माणूस’ या शब्दात आहे. ‘परवाच्या बैठकीत माझा आवाज कापत होता’ हे घडलेल्या गोष्टीबद्दलचं वाक्य आहे, त्यावर काही करता येतं. ‘मी तसला माणूसच नाही’ म्हटलं की करण्यासारखं काही उरतच नाही, कारण माणूस बदलायचा कुठून? म्हणून माझी पहिली विनंती: या वाक्यातला ‘माणूस’ काढा आणि त्याजागी प्रसंग घाला. कुठे, कुणासमोर, कशाबद्दल, किती वेळ. ‘दहापेक्षा जास्त अनोळखी लोकांसमोर, तयारी नसताना, माझा आवाज कापतो.’ पाहा, केवढं लहान झालं.

आता मुख्य काम. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली, तिच्यात रुग्णाच्या समजुतीशी वाद घालत बसण्यापेक्षा ती समजूत तपासून पाहण्यावर भर असतो. रोजच्या भाषेत मी तिला ‘अंदाज लिहा, करून पाहा, ताळा करा’ म्हणते. ताळा हा तुमच्याच धंद्यातला शब्द आहे, म्हणून ही पद्धत तुम्हाला जमेल असं मला मनापासून वाटतं. एका वहीत आधी अंदाज लिहायचा, आणि तो मोघम चालत नाही. ‘वाईट होईल’ हा अंदाज नव्हे. ‘मी बोलायला लागल्यावर दोन मिनिटांत अडखळेन, निदान तिघं जण मोबाईल पाहायला लागतील आणि शेवटी कुणीही प्रश्न विचारणार नाही, याची मला ८० टक्के खात्री आहे’, हा अंदाज. मग ते करायचं. त्याच दिवशी, झोपण्यापूर्वी, प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहायचं. किती मिनिटांनी अडखळलात? मोबाईल किती जणांनी पाहिला? प्रश्न किती आले? ‘कसं वाटलं’ हे शेवटी लिहा, आधी मोजण्याजोगं लिहा. भावना त्या दिवशी खोटी साक्ष देते.

पहिला प्रयोग मोठा नको. तिसांच्या वर्गासमोर थेट उभं राहण्यात शौर्य असेल, पण फसलं तर जुनं वाक्य आणखी पक्कं होतं. मी लोकांना सुरुवातीला असं काहीतरी निवडायला सांगते, ज्याची भीती दहापैकी तीन-चारांवर असेल. शून्यावर असेल तर शिकायला काही मिळत नाही. नव्या रुजू झालेल्या एका माणसाला त्याच्या टेबलापाशी पंधरा मिनिटं एक गोष्ट समजावून सांगणं. मग दोघांना. मग पाच जणांना, पण विषय तुमच्या हातखंड्याचा. पायऱ्या तुम्हीच आखा, माझ्यापेक्षा तुम्हाला त्या जास्त ठाऊक आहेत.

एक फसवी गोष्ट इथे आडवी येते. भीती वाटते तेव्हा आपण गुपचूप कुबड्या घेतो: कागदावरचं सगळं वाचून दाखवणं, नजर वर न करणं, भरभर उरकणं. मग प्रसंग निभावतो, आणि मन म्हणतं, ‘कागद होता म्हणून वाचलो.’ प्रयोग वाया जातो. म्हणून प्रत्येक वेळी एक कुबडी सोडा. सगळ्या एकदम नको.

आल्बर्ट एलिस हे बेक यांच्याइतकेच मोठे नाव. त्यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, पण तिची मुळं त्यांच्या एकोणिसाव्या वर्षात होती. ते स्वतःच सांगत, की तरुणपणी त्यांना लोकांसमोर बोलण्याची जबर भीती होती आणि मुलींशी बोलण्याचीही. लोकांसमोर मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी पहिली भीती घालवली. दुसरीसाठी ते न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या बायकांशी बोलू लागले. शंभर जणींशी बोलले. भेटायला एक जण तयार झाली आणि तीही आली नाही. यशाच्या हिशेबात हा शून्य. पण शंभर वेळा नकार मिळूनही आभाळ कोसळलं नाही, हे त्यांना शंभर वेळा कळलं आणि भीती गेली. माझ्या अनुभवात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे: प्रयोग यशस्वी व्हावा लागत नाही, तो पुरा व्हावा लागतो. तुमचा आवाज कापला आणि तरी समोरच्याला मुद्दा कळला, तर ‘आवाज कापला की सगळं संपलं’ हे वाक्य पडलं.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ हा विश्वास कुठून येतो याचे चार स्रोत सांगितले. स्वतः करून आलेला अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणं, कुणीतरी समजावून सांगणं, आणि त्या क्षणी शरीराची अवस्था. यात पहिला सगळ्यात बळकट. समजावणं, म्हणजे तुमचा आरसा, तुलनेने दुबळं, कारण पहिल्या खऱ्या अपयशाला ते उडून जातं. दुसऱ्या स्रोताकडे मात्र लक्ष द्या. तुमच्यासारखा, म्हणजे कमी बोलणारा, हळू आवाजाचा, पण उत्तम शिकवणारा एखादा माणूस शोधा आणि तो शिकवत असताना मागे बसून पाहा. फर्डा वक्ता पाहून तुम्हाला काही मिळणार नाही, उलट खचायला होईल. आणि छातीची धडधड वाढली की तिचा अर्थ ‘मी अपात्र आहे’ असा न लावता ‘शरीर तयारीला लागलं आहे’ असा लावा. हे मनाचं समाधान वाटेल, पण भीतीच्या आणि तयारीच्या, दोन्ही वेळी शरीरात जे घडतं ते जवळजवळ एकच असतं.

मानसिकतेच्या गोष्टींत इंग्लिश धावपटू रॉजर बॅनिस्टर हमखास येतात, तुमच्याही वाचनात आले असतील. एक मैल चार मिनिटांच्या आत धावणं अशक्य समजलं जाई, ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डला त्यांनी ते ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत केलं, आणि ‘मनातली भिंत पडताच’ जो तो धावू लागला, अशी ती गोष्ट. अर्धी खरी आहे. ४६ दिवसांनी जॉन लँडी यांनी तो विक्रम मोडला हे खरं. पण बॅनिस्टरनंतरच्या पूर्ण वर्षात चार मिनिटांच्या आत येणारा नवा माणूस हा एकटा लँडीच. मे १९५५ च्या अखेरीस एका शर्यतीत आणखी तिघं आले. मागे पाहिलं तर १९४५ मध्येच गुंडर हेग ४ मिनिटं १.४ सेकंदांवर पोहोचले होते. बॅनिस्टर वैद्यकाचे विद्यार्थी होते, तुकड्या-तुकड्यांत मोजून मापून सराव करत, आणि त्या दिवशी ख्रिस ब्रॅशर व ख्रिस चॅटवे या दोन मित्रांनी आळीपाळीने पुढे धावून त्यांना वेग धरून दिला. दोन मित्र, घड्याळ आणि सराव यांना वगळून ही गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं आपल्या विश्वासातच खोट आहे. तुम्हाला वेग धरून देणारा माणूस कोण आहे, हे मला तुमच्या पत्रात कुठे दिसलं नाही. तो शोधायला हवा.

मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांची ‘वाढीची मानसिकता’ तुम्ही वाचलीच आहे, म्हणून थोडक्यात. क्षमता जन्मजात ठरलेली नसते, ती वाढते, ही धारणा उपयोगी आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर याची मोठी चाचणी झाली तेव्हा कमी गुण असलेल्या मुलांना फायदा झाला तो लहानसा होता, आणि आव्हान घेणं जिथे सोबत्यांमध्येही रुळलेलं होतं अशा शाळांत तो जास्त टिकला. बियाण्याला जमीन लागते. चूक केली की हसणाऱ्यांच्या गराड्यात राहून कुणीही वाढीची मानसिकता टिकवून दाखवू नये, ती सक्ती स्वतःवर करू नका. गराडा बदलता येत असेल तर तो बदला.

आता नव्या शक्यतांबद्दल, कारण तुमच्या पत्रातली एक ओळ मला फार बोलकी वाटली. तुम्ही लिहिलंत, ‘सोळा वर्षं चुका शोधण्यापलीकडे मी काही केलेलं नाही.’ १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी लोकांना पाण्याच्या भांड्यांची गणितं घातली. पहिली काही गणितं एका लांबलचक रीतीनेच सुटत. पुढची अगदी सोप्या रीतीने सुटणारी होती, पण ज्यांच्या हाताला लांब रीत बसली होती ते तिनेच सोडवत राहिले. समोरचा सोपा मार्ग दिसलाच नाही. सोळा वर्षांच्या कामाचं असंच होतं. आपण स्वतःला पदाच्या नावाने ओळखायला लागतो आणि हातात दुसरं काय आहे ते दिसेनासं होतं.

यावर मी एक साधा व्यायाम देते. आपलं काम पदाचं नाव न घेता, धंद्यातले शब्द न वापरता, लहान लहान क्रियापदांत लिहून काढायचं. एखाद्या वस्तूचा नेहमीचा उपयोग विसरून तिचे भाग नुसते वर्णन करावेत, तसं. ‘हिशेब तपासतो’ असं लिहायचं नाही. हिशेब तपासताना तुम्ही काय काय करता? विस्कळीत कागदांतून क्रम लावता. कुठे जुळत नाही ते शोधता. ज्याची चूक आहे त्याला ती सांगता. तो चिडू नये, घाबरू नये, आणि पुन्हा तीच चूक करू नये अशा बेताने सांगता. बहुधा फोनवर, बहुधा एकट्याला, पण दिवसातून किती वेळा? सोळा वर्षांत किती हजार वेळा?

आता मला सांगा, शिकवणं म्हणजे आणखी काय असतं? समोरच्याची गाडी कुठे अडते ते ओळखणं आणि त्याला न दुखावता तिथून पुढे काढणं. हे तुम्ही ज्या माणसाबद्दल ‘तो बोलणारा नाही’ म्हणता तोच माणूस रोज करतो आहे. तुम्हाला जे येत नाही ते भाषण. शिकवायला भाषण लागतं असं तुम्ही धरून चाललात, तोच तुमचा चौकोन. माझ्या मते तुमच्यापुढचा खरा प्रश्न आत्मविश्वासाचा कमी आणि या गैरसमजाचा जास्त आहे. जे एका माणसासमोर येतं ते पाच जणांसमोर नेणं हे कौशल्य आहे, नवा जन्म नाही.

हा व्यायाम एकट्याने करू नका. तुमच्यासोबत काम केलेल्या दोघांना विचारा, ‘तुम्ही माझ्याकडे कशासाठी येता?’ आपल्याला जे सहज येतं ते आपल्याला कौशल्य वाटत नाही, दुसऱ्याला ते लख्ख दिसतं. उत्तरं ऐकताना ‘छे, त्यात काय’ असं तोंडातून निघेल. ज्या उत्तरावर ते निघेल त्याखाली रेघ मारा.

किती दिवस लागतील असंही तुम्ही विचारलंत. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा सगळीकडे सांगितला जाणारा आकडा सोडून द्या. लंडनमध्ये फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोजची साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाच्या बाबतीत अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तुमचं काम सवयीपेक्षा अवघड आहे. चार ते सहा महिने धरून चला, आणि मधे दोन-तीन आठवडे सगळं जुन्या जागी गेल्यासारखं वाटेल हेही धरून चला. बहुतेकांचं तसं होतं. तेव्हा वही उघडा, तिथले आकडे जुन्या जागी गेलेले नसतात.

आणि ‘करेन’ असं ठरवू नका, ‘असं झालं की तसं करेन’ असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून हे चांगलं सिद्ध झालं आहे, की कधी, कुठे आणि काय हे आधी बांधून ठेवलेला निश्चय नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो. ‘तिसऱ्यांदा विचारणा झाली की मी लगेच नाही म्हणणार नाही, “उद्या सकाळी सांगतो” म्हणेन.’ एवढं एक वाक्य तुम्ही आजच पाठ केलंत तर तो सुटकेचा श्वास एक रात्र पुढे ढकलला जाईल, आणि त्या एका रात्रीत बरंच काही होऊ शकतं.

एक सूचना गांभीर्याने. ‘माझ्याने होणार नाही’ हे वाक्य बोलण्यापुरतं न राहता सगळ्याच गोष्टींवर पसरलं असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, रस सगळं हरवलं असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर हे प्रयोग बाजूला ठेवा आणि लगेच मनोविकारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य ही स्वतःवर घातलेली मर्यादा नाही, तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रातून सगळं दिसत नाही.

या आठवड्यापुरतं एवढंच करा. वही घ्या. ‘माणूस’ काढलेलं वाक्य पहिल्या पानावर लिहा. दोन सहकाऱ्यांना तो प्रश्न विचारा. आणि शनिवारच्या आत एका नव्या माणसाजवळ खुर्ची ओढून, तो नेहमी जिथे चुकतो अशी एकच गोष्ट त्याला पंधरा मिनिटांत समजावून सांगा. त्याआधी अंदाज लिहायला विसरू नका, टक्क्यांसकट. शेवटी त्याला विचारा, ‘आता तू मला हे समजावून सांग.’ तो जिथे अडखळेल ती जागा लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करायची आहे. मला पुन्हा लिहाल तेव्हा कसं वाटलं हे नंतर सांगा, आधी अंदाज आणि ताळा, दोन्ही आकडे पाठवा.